चकोरीचा डावा डोळा

मी चकोरी बोलतेय, धानोऱ्याच्या बन्सीलालची नाचणारी घोडी. आत्ता लग्नाच्या मांडवासमोर उभी आहे. पाठीवर बन्सीलालची सात वर्षांची नात रुचिका बसली आहे आणि पुढ्यात खाट मांडली आहे. वाजंत्री जरा दम खातायत, तेवढ्यात सांगून घेते.

बन्सीलालने मला सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलं. तिथं माणसं घोडं बघतात ते मुलगी बघायला आल्यासारखी. दात बघतात, चाल बघतात, अंगावरचे केसांचे भोवरे शोधतात. माझ्या गळ्याखाली देवमणाचा भोवरा आहे. देवमण असलेलं घोडं घराचं वाईट होऊ देत नाही म्हणे. तो दिसला आणि बन्सीलालने पुढं काही बघितलंच नाही.

नाचायला त्यानेच शिकवलं. चाबूक क्वचित, गूळ पुष्कळ. खाटेवर आधी पुढचे पाय, मग मागचे, आणि वर चढून तालावर ठेका धरायचा. खाट असते जेमतेम माझ्याएवढी, खूर बोटभर इकडेतिकडे पडून चालत नाही. लोक शिट्ट्या मारायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? नवरदेवाकडे कुणाचं लक्षच नसायचं, तो बिचारा बाजूला फेटा सावरत उभा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मग धूसर झालं, आणि आता तिकडचं काहीच दिसत नाही. मी कळू दिलं नाही. पावलं पाठ होती, मान थोडी वळवली की उजव्या डोळ्यावर निभायचं. नाच थांबला तर मला कोण विचारणार, ही भीती होती. माणसांत राहून त्यांची खोड लागली म्हणा.

कळलं ते छबूबाईला, बन्सीलालच्या बायकोला. चारा तीच टाकते.

"ओ, हाई डावीकडना चारा तसाच सोडी देस," ती त्याला म्हणाली. "डोळा दखाडा तिना डॉक्टरले."

"मन्ही घोडीले देवमण शे. तिले काय व्हनार नही."

तिनं पुन्हा दोनदा सांगून पाहिलं. तो हसण्यावारी नेत राहिला.

मागच्या महिन्यात नवापूरच्या एका लग्नात दुसऱ्याची घोडी पाठीवर पोर घेऊन खाटेवर नाचली. माझं नाव कुणी काढलं नाही. बन्सीलाल घरी येऊन जेवला नाही. आज घरचंच लग्न, पुतण्याचं. छबूबाई आत बायकांत अडकली आहे. ही संधी साधून त्याने रुचिकाला उचलून माझ्यावर बसवलं.

मी आज दोनदा पाय रोवले. एकट्या माझ्या पडण्याचं काही नव्हतं, पण पाठीवर हे इवलंसं ओझं आहे आणि ते माझ्या आयाळीला धरून हसतंय. लोकही हसले. घोडी म्हातारी झाली, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. बन्सीलालचा चेहरा उतरला. त्याने चाबूक उचलला असता तर मी हलले नसते. पण त्याने गूळ पुढं केला, कपाळ माझ्या मानेला टेकवलं आणि हळूच म्हणाला, "चकोरी माय, आज मन्ही लाज राख."

या आवाजाला मी आजवर नाही म्हटलेलं नाही.

ढोल सुरू झाला. माझे पुढचे दोन्ही पाय खाटेवर आहेत. डावीकडं खाट कुठं संपते, मला दिसत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला उभं असेल, तर पोरीला तेवढं उतरवून घ्या.