सिंहिणीची चाल

थोरलीने कुबडी कठड्याला टेकवली आणि कपाळ काचेला लावलं. पलीकडे वाळक्या गवतात पहुडलेली सिंहीण उठली, आळोखेपिळोखे देत थेट त्या दोघींसमोर येऊन उभी राहिली.

"आली बघ, माझीच चौकशी करायला!" थोरली हसली. खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी ती आज पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. पोहायला शिकवणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीने हट्टाने तिला प्राणिसंग्रहालयात आणलं होतं. आईच्या माघारी दोघींचं घर एकच.

राखणदार बाहेर रबरी नळी गुंडाळत होता. "कळपात मागे पडणारं जनावर ती बरोबर हेरते," तो म्हणाला. "जन्म इथलाच, शिकार कधी केली नाही, पण जातीचं कुठे जातंय?"

"मग पहिला नंबर माझा."

"थांब, पाणी आणते," म्हणत धाकटी काचेच्या कडेने निघाली.

सिंहीणही निघाली.

धाकटी थांबली, ती थांबली. धाकटी माघारी वळली, तीही वळली. मान खाली, खांदे वर, एकेक पाऊल जपून. थोरली कुबडी आपटत मुद्दाम मध्ये आली. सिंहिणीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ताई, हिचं मी काय घोडं मारलंय गं?" धाकटी म्हणाली आणि काचेपासून दोन पावलं मागे सरकली.

"पुढे झेब्रे आहेत, ते बघा बाई," राखणदार म्हणाला. धाकटीच्या नजरेला नजर न देता.

झेब्रे कुंपणालगत चरत होते. दोघी जवळ येताच एकेकाने मान वर केली, कान टवकारले. मग सगळा कळप, न पळता, न बिथरता, पार पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मध्ये नुसती तुडवलेली माती उरली.

धाकटी त्या मातीकडे बघत राहिली. अलीकडे तलावाच्या चार फेऱ्यांतच तिला धाप लागायची. वय झालं, म्हणून तिने ते झटकून टाकलं होतं.

"ताई, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात येशील?"

थोरलीने कुबडी सावरली.

"येते," ती हळूच म्हणाली. "महिना झाला, तुझ्या अंगाला वेगळाच वास येतोय. मी आपली समजत होते, तलावातल्या औषधाचा असेल."