मेलेल्या इंजिनाचा चमत्कार

मैदानात टॅक्सीवाले, टेम्पोवाले, व्हॅनवाले दाटीवाटीने उभे होते. मधोमध दाराला पोचा आलेली एक जुनी टॅक्सी. मालक किल्ली फिरवून थकला होता. स्टार्टर गरगरायचा, इंजिन काही धरत नव्हतं. मग कवचवाले साहेब पुढे आले. ते गाड्यांच्या दुरुस्तीचे करार विकत. वर्षाचे पैसे आधी भरा, बिघाड झाला की खर्च कंपनीचा. या कराराला ते 'कवच' म्हणत आणि बोलत मात्र कीर्तनकारासारखे.

"कवच असलेल्या गाडीला मरण नाही," ते म्हणाले. त्यांचा मेकॅनिक बॉनेटखाली क्षणभर वाकला, साहेबांनी टपावर हात ठेवला आणि इंजिन सुरू झालं. एक पैसाही लागला नाही, असं सांगताना मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या थांबेनात.

त्या गर्दीत मी होतो आणि माझी थोरली बहीणही. ती डायलिसिसच्या रुग्णांना व्हॅनमधून इस्पितळात नेई-आणी. मी शाळेत विज्ञान शिकवतो. अटी वाचून घे, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, डोळ्यांनी पाहिलं ते खोटं आणि तुझी बारीक अक्षरं खरी का? तिने कवच घेतलं.

पुढे व्हॅनचा गिअरबॉक्स गेला. कंपनीने कळवलं, आधी तो स्वखर्चाने उघडून ठेवा, मग आमचा माणूस बघेल. ताईने उघडून घेतला. कंपनीचा माणूस आला, दात्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही झीज आहे. कवच अचानक झालेल्या बिघाडाला असतं."

"झिजल्याशिवाय काही बिघडतं का, दादा?" ताईने विचारलं.

त्याने खांदे उडवले. करारात तसंच लिहिलेलं होतं.

व्हॅन गॅरेजात पडली. ताईचे रुग्ण मिळेल त्या गाडीने जाऊ लागले. त्यांतला एक म्हातारा घड्याळजी दोन बस बदलून जायचा. त्याला झेपेना, त्याने डायलिसिसच्या पाळ्या चुकवल्या आणि तो गेला. ताई त्याच्या घरी जाऊन आली.

मग शेजारच्या गावी कवचवाले येणार असल्याचं कळलं. मी गेलो. तीच टॅक्सी, दाराला तोच पोचा, तोच मालक आणि तेच अश्रू. मेकॅनिक वाकायच्या आत मी पुढे होऊन त्याची मूठ धरली आणि लोकांसमोर उघडायला लावली. आत एक छोटा फ्यूज निघाला. तो काढून ठेवला की पंपाची वीज तुटते आणि पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. परत बसवला की मेलेली गाडी उठते. मी तो स्वतः बसवला, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

साहेब हसले. "मास्तर, हे प्रात्यक्षिक आहे. नाटकातला मेलेला खरा मेलेला असतो का?"

लोकही हसले. मी ताईचा गिअरबॉक्स सांगितला, झीज सांगितली. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग एक टेम्पोवाला शांतपणे म्हणाला, "खरं असेल तुमचं, मास्तर. पण उद्या माझं इंजिन बसलं तर तुम्ही देणार का पैसे?"

तो रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे बाकीचे.

ताईने व्हॅन भंगारात दिली. आता ती दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने जाते, आणि तिथल्या मालकानेही कवच घेतलं आहे.

तरीही सांगतो, कारण गप्प बसवत नाही. मैदानात चालू झालेलं इंजिन बघून सही करू नका. कशाचे पैसे मिळणार नाहीत ते आधी विचारा. झीज कोणती आणि बिघाड कोणता हे कोण ठरवणार, तेही विचारा. ठरवणारा आणि पैसे देणारा एकच असेल, तर हात जोडण्याआधी जरा विचार करा.