तेवढ्यापुरती पकड

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी गाडी आहे. वयाने तशी फार जुनी नाही. पण चाकांतली हवा गेली, काचांवर धुळीचा थर बसला, म्हणून जुनी म्हणायचे. एका लाँड्रीच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या तारांशेजारी मी उभी असते.

कारखान्यात माझ्या अंगात बरीच हुशारी भरली होती. मी बटण दाबून सुरू होई. पाऊस आला की काच आपोआप पुसत असे. हँडब्रेकचा लांब दांडा मला नव्हताच. त्याच्या जागी बोटाएवढे एक बटण होते. चढावर थांबल्यावर ब्रेकवरचा पाय काढला, तरी मी जागची हलत नसे.

मला दोघी बहिणींनी घेतले. थोरलीला सगळी गल्ली ताई म्हणे. धाकटीने चाळिशी ओलांडली होती, तरी ताईसाठी ती चिमणीच होती. दोघी मिळून लॉजच्या चादरी आणि अभ्रे धुऊन, इस्त्री करून पोचवत. माझ्या आधी हे सारे स्कूटरवरून चाले, आणि गाठोड्यामागे चिमणी दिसतही नसे.

मला ताब्यात देताना शोरूमच्या माणसाने नीट समजावून सांगितले होते. "हिरवा दिवा म्हणजे गाडी तेवढ्यापुरती धरून ठेवलीय. उतरायच्या आधी हे बटण वर ओढायचं. लाल दिवा लागला की मगच उतरायचं." विसरलात, तर सीटबेल्ट सुटल्यावर गाडी स्वतःच हँडब्रेक लावते, असेही तो म्हणाला. त्या वेळी ताई लॉजवाल्याशी फोनवर बोलत होती. चिमणी मात्र कान देऊन ऐकत होती.

सुरुवातीचे दिवस फार लाडाचे होते. ताई विरलेल्या चादरीच्या तुकड्याने मला रोज पुसायची. "आमची गाडी आमच्यापेक्षा शहाणी आहे," असे गिऱ्हाइकांना सांगायची. त्या कौतुकाने मी सुखावत असे.

पण थोडे अंतर गेले की उतरायचे, पुन्हा बसायचे, असे ताईचे काम. बेल्ट लावला नाही की मी टुणटुण वाजायची. कटकट नको म्हणून तिने दुकानातून बेल्टच्या टोकासारखी एक लोखंडी कडी आणली आणि बेल्टच्या खाचेत कायमची खोचून टाकली. माझा आवाज बंद झाला. ताई रस्त्यावर उभी असली, तरी मला वाटे ती बेल्ट लावून आत बसली आहे. ती कडी काढून टाक आणि निदान ते बटण तरी ओढत जा, असे चिमणीने एकदा बजावले. गाडीचे गाडीला कळते, असे म्हणून ताईने ते हसण्यावारी नेले.

मग ती दुपार आली. लॉजसमोरचा रस्ता चांगलाच चढाचा होता. ताईने मला न्यूट्रलमध्ये थांबवले. हिरवा दिवा लागला. चिमणी उतरली आणि मागचे दार उघडून गाठोडे ओढू लागली. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. तिने इंजिन बंद केले आणि बोलत बोलत उतरली.

इंजिन बंद झाले की माझी ती पकड सुटते. हँडब्रेक मी लावला नाही, कारण कडीमुळे ताई आतच आहे असे मला वाटत होते. मी हळूच मागे सरकले. मागे दगडी कठडा होता, आणि मध्ये चिमणी.

छातीशी धरलेल्या गाठोड्यामुळे चिमणीचा जीव वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्याखालून कापावा लागला. पोलिसाने माझ्यातली कडी उपसून तळहातावर धरली आणि ही कोणाची म्हणून विचारले. "माझी," ताई म्हणाली. त्यानंतर ती कोणाशी फारसे बोललीच नाही.

मला ढकलत अंगणात आणले. ताई इस्त्री करी, चिमणीला वेळेवर औषध देई, पण तिच्या तोंडाकडे पाहत नसे. एके सकाळी ताई चादरी वाळत घालत असताना चिमणी कुबड्या टेकत अंगणात आली.

"पाय माझा गेला," ती म्हणाली. "तुझं बोलणं का गेलं?"

ताईच्या हातातल्या चादरीचे पाणी तिच्याच पायांवर गळत होते. ती म्हणाली, "तू सांगितलं होतंस."

"हो. सांगितलं होतं."

जाऊ दे, असे चिमणी म्हणाली नाही. तिने कुबड्या बाजूला ठेवल्या, मला टेकून उभी राहिली आणि चादरीचे दुसरे टोक मागायला हात पुढे केला. पिळायला दोघी लागतात. ताईने टोक दिले. दोघींनी पीळ घातला. 

मित्रांनो, आता मला कोणी पुसत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. एवढेच सांगते. आमच्यासारख्या गाड्यांच्या अंगी सोयी पुष्कळ असतात, पण त्या तुमच्या सावधपणावर चालतात. आमचा इशारा कटकटीचा वाटला, तरी त्याचे तोंड बांधू नका. बटण हाताने ओढा, दिवा डोळ्यांनी बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि मगच उतरा. आम्हाला माणसाची ओळख नसते. मागे उभे असते ते तुमचेच माणूस.