काचेवर काही नाही

दवाखान्याच्या मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासणाऱ्याला सगळे दुर्बीणकाका म्हणत. एके काळी त्याला मान वर करायला फुरसत नसे. दाराबाहेर हुडहुडी भरलेल्या माणसांची रांग, आणि काचेमागून काचेवर हिवतापाचे जंतू. मग शहरातल्या टाक्यांना घट्ट झाकणं बसली, बांधकामांवरचं साचलेलं पाणी उपसलं जाऊ लागलं, विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडले. रांग आटली. आता वर्ष उलटलं तरी काकाला एकही जंतू दिसत नसे.

आज काचेवर त्याच्या लेकीचं रक्त होतं.

तिला फार वर्षांनी दिवस गेले होते. पहिल्या खेपेला हिवतापानेच घात केला. बाळ पोटातच गेलं. काल पुन्हा ताप चढला होता. काकाने काच पाहिली. काही नाही. परत पाहिली. काही नाही. दुसऱ्या कुणाची असती तर तो एव्हाना हात धुऊन मोकळा झाला असता. पण त्याने काच तिसऱ्यांदा लावली. जंतू नाही, की मलाच दिसत नाही? इतकी वर्षं काम नाही म्हटल्यावर डोळा बोथट झाला असेल तर?

ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या म्हाताऱ्या बाईंना त्याने फोन केला. बाई धापा टाकत आल्या.

“काय रे, सापडत नाही म्हणून रडतोस? लोक सापडला म्हणून रडतात!”

“थट्टा नको, बाई. बघा आधी.”

बाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि कितीतरी वेळ काच सरकवत राहिल्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

“जरा पाणी आण. घसा कोरडा पडलाय.”

तो पाणी घेऊन आला, तर म्हणाल्या, “आता तू परत बघ. सावकाश.”

काकाने दुर्बिणीला डोळा लावला. तांबड्या पेशीत निळसर अंगठी, अंगठीवर खड्यासारखा ठिपका.

“आहे! बाई, आहे हो! माझी पोर...”

“असणारच. ती काच कपाटातल्या जुन्या पेटीतली. शिकाऊ पोरांसाठी मीच जपून ठेवलेली. तुझ्या लेकीची ही माझ्या हातात आहे. दोनदा बघितली. स्वच्छ.”

“जीव गेला असता ना माझा!”

“गेला नाही ना? डोळाही गेलेला नाही. ऊठ, डॉक्टरांना म्हणावं तिचा घसा बघा. बाहेर भेटली मला, आवाज पार बसलाय तिचा.”

घसाच निघाला, लालबुंद सुजलेला. काका बाहेर आला. बाकावर आईच्या खांद्यावर मान टाकून लेक बसली होती.

“बाबा, काय निघालं?”

“काही नाही,” तो म्हणाला. रोज कंटाळून लिहायचे ते हे दोन शब्द. आज ते म्हणताना त्याने बाहीने डोळे टिपले.

“मग डोळे का पुसताय?” लेक घोगऱ्या आवाजात म्हणाली. “आणि आईला सांगा, माझा हात सोड म्हणावं. मुंग्या आल्यात केव्हाच्या.”