उशिरा उघडणारं दार

तिने चौथा भाग पुन्हा मागे नेला. बोगद्यातून कप्तान चालत आला, यानाच्या दारासमोर थांबला, आणि दार उघडलंच नाही. एक, दोन, तीन सेकंद. कप्तानाने भुवई उंचावली, दाराला हलकेच टिचकी मारली. मग ते सरकलं.

मालिका एक्केचाळीस वर्षं चालू होती. कप्तान बदलले, ग्रह बदलले, पुठ्ठ्याचं यान जाऊन चकचकीत यान आलं; पण टिचकी मारल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा रिवाज टिकला. पोरंटोरं घरातल्या कपाटांनाही टिचकी मारत. पहिल्या तीन भागांत मात्र दार वेळेवर उघडत होतं, हे तिला आत्ता, जुन्या फिती साफ करताना कळलं.

दार ओढणारे तिचे वडील होते. स्टुडिओतले सुतार, पुठ्ठ्याच्या भिंतीमागे उभं राहून दोरी ओढायचे. ती उठायच्या आत जायचे, परतायचे तेव्हा ती झोपलेली. त्यांना जाऊनही नऊ वर्षं झाली होती. ‘बाबांचं खरं लेकरू म्हणजे ते दार,’ असं ती हसत सांगे. हसू ओठांपुरतंच.

“दाराच्या कडेला डाग आहे बघा,” विभागप्रमुख मागून म्हणाले. “तेवढा पुसा, म्हणजे हा भाग हातावेगळा झाला.”

तिने डाग मोठा केला. भरदुपारी पडदे ओढलेल्या त्या खोलीत पाण्याखालचा वाटावा असा निळसर उजेड होता. डाग हलला. त्याला चार बोटं होती, तांदळाएवढ्या नखांची, दाराची कड घट्ट धरलेली. मग अंधारातून एक रुंद हात आला. हातोडी बसून काळं पडलेलं ते अंगठ्याचं नख तिने लहानपणापासून पाहिलं होतं. हाताने ती बोटं एकेक करून सोडवली, जराही घाई न करता. त्यानंतरच दार सरकलं.

फितीच्या डब्यावर चित्रीकरणाची तारीख होती. तिने आपल्या जन्मापासूनचे महिने मोजले. दहा.

तिने आईला फोन लावला.

“आई, मी दहा महिन्यांची असताना मला कोण सांभाळायचं गं?”

“शेजारच्या काकू. का, आता आभार मानायला निघालीस?”

“रोज त्याच?”

“मधे महिनाभर त्या लेकीकडे गेल्या होत्या. तेव्हा तुझ्या बाबांनी रजा काढली. उभ्या आयुष्यात एकदाच! म्हणाले, तू बिनघोर जा दवाखान्यात ड्यूटीला, मी आहे घरी.”

“ते घरी नव्हते, आई.”

“म्हणजे? मग तू कुठे होतीस?”

“यानात.”



“तरीच,” आई हळूच म्हणाली. “महिनाभर तुझ्या झबल्यांना सरसाचा वास यायचा. मला वाटायचं, त्यांच्या सदऱ्याचाच लागलाय.”

तिने फोन ठेवला.

“पुसला का डाग?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“डाग नाही तो, सर. राहू द्या.”

“आणि वरून कुणी विचारलं, हे कुणाचं काम, तर?”

“माझं नाव सांगा.”

ते मान हलवत निघून गेले. तिने भाग पुन्हा सुरुवातीला नेला. कप्तान चालत आला, दारासमोर थांबला. त्याच्या आधीच तिने पडद्याच्या काचेवर हलकेच टिचकी मारली, आणि वाट पाहत राहिली.