जागत्या डाकिणीचा उतारा

भुतंखेतं उतरवणाऱ्या बाबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तीन दिवसांपूर्वी दोघींनी धरून आत नेलेली बाई आपल्या पायांनी, हसतमुखाने बाहेर आली आणि एकच जयजयकार झाला. ती मुकादमबाईंची धाकटी बहीण.

दोघी बहिणी कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात होत्या. थोरली इस्त्रीखात्याची मुकादम, धाकटी तिच्याच हाताखाली. महिनाभरात धाकटीचं भलतंच बिनसलं होतं. मशीनपुढे उभी असताना तिला कोपऱ्यात काळी बाई दिसे. भरदुपारी ती काहीबाही बरळे. एकदा तर तिने तापल्या पत्र्यावर तळहातच टेकला.

बाबांनी नाडीसुद्धा पाहिली नाही. "हिच्या मानेवर जागती डाकीण बसलीय! अडीचशे वर्षांची! साधीसुधी नाही, शिकलेली आहे!" त्यांनी दंडाला दोरा बांधला, तोंडावर राख फुंकली आणि तिला अंधाऱ्या खोलीत कोंडलं. घड्याळ नाही, फोन नाही. "आणि हाक मारायची नाही. हाक ऐकली की डाकीण मागे फिरते!"

गुण तर आला. खात्यातल्या आणखी चौघी असंच बरळत होत्या, मुकादमबाईंनी त्यांनाही धाडलं. एरवी अर्ध्या दिवसाच्या रजेला आठ्या घालणाऱ्या बाई डाकिणीसाठी तीन-तीन दिवस देऊ लागल्या.

दोन आठवड्यांत काळी बाई परतली. दोरा दंडावर होता तसाच होता. भाजलेल्या हाताची पट्टी बदलताना कारखान्यातल्या नर्सबाईंनी मुकादमबाईंसमोरच धाकटीला विचारलं, "त्या खोलीत तू करायचीस काय गं?"

"झोपायचे. जेवायला उठवत, तेवढीच जागी."

"आणि एरवी किती झोपतेस?"

धाकटीने बहिणीकडे पाहिलं. "चार तास. दुहेरी पाळी, मग घरचं."

पाळ्या मुकादमबाईच लावत. इतर बायका कुरकुरत. सख्खी बहीण नाही म्हणणार नाही, म्हणून प्रत्येक जादा पाळी आधी तिच्या माथी, उरलेल्या इतरांच्या. बाबांनी डाकीण शोधून काढली तेव्हा त्यांना हायसंच वाटलं होतं. का, ते आता कळत होतं.

नर्सबाई दोघी बहिणींना घेऊन थेट बाबांच्या अंगणात गेल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाबा, पुढच्या बाईला दोरा बांधा, हवी तेवढी राख फुंका. फक्त तिन्ही दिवस झोपू देऊ नका. डाकीण उतरली तर मी तुमच्या पाया पडेन."

"भलतंच!" बाबा ओरडले. "झोपल्याशिवाय कशी बरी होईल ती?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता सगळेच हसू लागले. बाबा आत गेले ते बाहेर आले नाहीत.

मुकादमबाईंना मात्र हसू आलं नाही. वाटेत त्या धाकटीला म्हणाल्या, "मी केलं गं हे. माझी डाकीण होती ती."

धाकटी म्हणाली, "मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी शिरलंय. पोरीला कुशीत घ्यायची भीती वाटायची, ताई. महिनाभर घेतलं नाही तिला."

मुकादमबाई तिला थेट घरी, पोरीकडे घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुहेरी पाळ्या बंद केल्या आणि खात्यातल्या बायकांना गोळा केलं. "डोळ्यांपुढे काही दिसलं, हात थरथरला, तर बाबाकडे जाऊ नका. आधी मोजा, किती झोपलात. कमी झोपला असाल तर मला येऊन सांगा. मी ऐकलं नाही, तर ओरडून सांगा."