शाडूचा उंदीर

प्रणितानं रोडबाईकच्या पुढच्या चाकाला धक्के खाणारं स्प्रिंगचं सस्पेन्शन बसवलं आणि पेणच्या सायकल ग्रुपचं जणू सोवळंच मोडलं. ग्रुपचे म्होरके कमळाकर सर, निवृत्त पीटीचे मास्तर, अजूनही सगळ्यांना शिट्टीवर नाचवायचे. ते म्हणाले, "हा झोपाळा रविवारच्या राईडला नको. ब्रेक मारलास की पुढून बसेल, मागचे सगळे तुझ्यावर येतील. काढ, नायतर ग्रुप सोड."

काढायचं कसं? गेल्या वर्षी खड्ड्यात पडून तिच्या डाव्या मनगटात प्लेट बसली होती. पुढच्या चाकाच्या साध्या, बिनस्प्रिंगच्या चिमट्यावर दहा किलोमीटर गेलं की हात रडायला लागायचा. सस्पेन्शन गेलं तर सायकलच गेली. डॉक्टरांनी सोड म्हटलं तेव्हाही तिनं सोडली नव्हती, मग सर कोण लागून गेले!

"बघूयाच सर. जोह्याला मावशीचा गणपतीचा कारखाना हाय. दोन कच्च्या मूर्ती आणते. एक तुमच्या हँडलच्या पिशवीत, एक माझ्या. रोह्याला कुणाची शाबूत पोचते ते बघू. माझी पोचली तर झोपाळा राहणार."

हौसामावशीनं ऐकून कपाळाला हात लावला. "गणपती पैजेला लावतेस व्हय गो? अक्कल गहाण टाकलीस काय? मूर्ती नाय मिळायची. उंदीर ने."

शाडूचे, नुसते वाळवलेले दोन उंदीर. शेपट्या काडीएवढ्या. कारखान्यात जरा धक्का लागला की पहिली शेपटीच जाते.

रविवारी निघाले. पहिल्याच चढाला सर पुढे सटकले. उभं राहून पायडल मारलं की प्रणिताची सायकल खालीवर व्हायची, निम्मा जोर स्प्रिंगच खायची. सरांचं तेवढं खरं होतं आणि ते खरं असल्याचाच तिला राग आला. पण नागोठण्यापुढे डांबर संपून खडी लागली. समोरच्या वळणावर सरांचं पुढचं चाक उड्या मारत बाहेर सरकलं, त्यांना पाय टेकावा लागला. त्याच वळणावर तिचं चाक रस्ता धरून राहिलं. ब्रेक मारल्यावर सायकल पुढून बसली खरी, पण बोटभर. मागचं कुणी तिच्यावर आलं नाही. सर मात्र पुन्हा वेग घेऊन दिसेनासे झाले.

रोह्याच्या टपरीवर ती सहा मिनिटं उशिरा पोचली. पिशव्या उघडल्या. तिचा उंदीर शेपटीसकट होता. सरांच्या उंदराची शेपटी गेली होती, एक कानही.

"उंदराला काय विचारायचं?" सर म्हणाले. "मी आधी पोचलो. रोडबाईक म्हणजे वेग. नियम तो नियम."

प्रणितानं सरांच्या हातांकडे पाहिलं. खडीचे धक्के खाऊन बोटं आखडली होती. ग्लास दोन्ही हातांनी धरूनही चहा पँटवर सांडत होता.

"सर, नियम तुमचा. रस्ता नाय तुमचा," ती म्हणाली. "मी ग्रुप सोडणार नाय आणि हे काढणारही नाय. पुढच्या रविवारी येणार. सहा मिनिटं मागून येईन, पण जन्मभर येईन."

आणि तिनं डाव्या हातानं स्वतःचा ग्लास उचलला, सगळ्यांसमोर, थेंब न सांडता संपवला.